मे महिन्यात तुंगनाथ-चंद्रशिला एका दिवसात: बाबांना घेऊन जमेल का?

कपाशीवाला (दारव्हा)
राम राम मंडळी. पेरणीच्या आधी बाबांना घेऊन उत्तराखंडातल्या तुंगनाथच्या देवळाला जायचं म्हणतो. वय ६४, बीपीची गोळी चालू आहे. सकाळी पायथ्याच्या चोपत्याहून निघायचं, दर्शन घेऊन तसंच देवळाच्या वरच्या चंद्रशिलेच्या माथ्यावर, संध्याकाळी खाली. बाबा म्हणतात, "मे महिन्याच्या उन्हात पऱ्हाट्या उपटतो मी, तुमचा डोंगर मले काय करते!" जमेल का? अन् कॅनव्हासचे बूट चालतील?

मेळघाटी
पऱ्हाट्या उपटणारा माणूस पायांनी कमी पडत नाही हो. तिथं अडचण हवेची आहे. आपण राहतो चारशे मीटरच्या आतबाहेर. चोपता २७०० च्या आसपास, अन् माथा साडेतीन हजारांच्या वर. तिथं छातीत जाणारा ऑक्सिजन आपल्या गावापेक्षा जवळपास तिसऱ्या हिश्शाने कमी. म्हणून हरिद्वारहून थेट चोपता गाठून लगेच सकाळी चढू नका. एक रात्र वाटेतल्या ऊखीमठला, एक चोपत्याला काढा. डोकं ठणकायला लागलं, मळमळ सुटली की वर जाणं तिथंच बंद. त्रास वाढला तर सरळ खाली उतरायचं, "बसू थोडं, बरं वाटेल" असं नाही. गोळीचं डॉक्टरांना आधीच विचारा. सरावाला चिखलदऱ्याला फिरून या, पण तो ११०० मीटरवर. तिथं पाय तयार होतात, उंचीची सवय होत नाही.

दशमीवाली (वरुड)
आम्ही सासऱ्यांना घेऊन गेलो होतो. देवळापर्यंत दगड बसवलेली वाट आहे, साडेतीन-चार किलोमीटर, चढ काही सुटत नाही. खेचरं मिळतात. देवळाच्या पुढचा दीड किलोमीटर खरा त्रासाचा: अरुंद पायवाट, सुटे दगड, मेच्या सुरुवातीला सावलीत बर्फही असतो. कॅनव्हास तिथं भिजतो आणि घसरतो. खाचांच्या तळव्याचे बूट घ्याच.

पहाटे चारला निघा. आधी माथा, दर्शन उतरताना. सकाळी चौखंबा शिखर समोर उघडं असतं, पुढे ढग चढतात, दुपारी गारा आणि विजा. माथ्यावर आडोसा कुठेच नाही. आमचे मामंजी मात्र अडून बसले, "देवाला ओलांडून वर कसं जायचं?" शेवटी बाहेरून हात जोडले, तेव्हा पाऊल उचललं! कानटोपीऐवजी दुपट्टाच बांधला होता, चालला तो. पण गार वाऱ्यात ऊन कळलं नाही आणि नाकाची सालं निघाली. तोंडाला क्रीम लावा. दशम्या न्या, वर भूक लागत नाही, तरी घास-घास खात राहावं.

कपाशीवाला
बाबांना वाचून दाखवलं. ऊखीमठची रात्र मान्य, खेचर नामंजूर. खोली आधी सांगावी लागते का?

मेळघाटी
हो, मेमध्ये त्या रस्त्याला केदारनाथची गर्दी असते. आताच फोन करून ठेवा.