११ जुलैला वीस वर्षं होतील. डब्यात काय लावायचं?

भाईंदर_डाउन:
आमचा गाडीचा ग्रुप जुना. दसऱ्याला डबा सजवणं, पूजा, फाफडा-जलेबी, सगळं होतं. २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांना या ११ जुलैला वीस वर्षं होतील. आमच्यातले एक काका मीरा रोडच्या स्फोटात गेले. मी त्याच गाडीत होतो, पण मागे, सेकंडच्या डब्यात. फर्स्टचा पास काढण्याएवढा पगारच नव्हता. लोक म्हणतात नशीब. असेल.

इतकी वर्षं आम्ही एवढंच करतो की त्या तारखेला परतीच्या गाडीत माहीम आलं की पत्ते खाली ठेवायचे, ते मीरा रोड जाईपर्यंत. यंदा पोरं म्हणतात बॅनर लावू. लावा की! पण एकानं मजकूर लिहून आणला, त्यात ठळक ओळ: 'दोषींना फाशी द्या'. मी विचारलं, कोणाला रे? २०१५ मध्ये मोक्का न्यायालयानं १२ जणांना दोषी धरलं, ५ जणांना फाशी आणि ७ जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष सोडलं. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की या निकालाचा दाखला दुसऱ्या खटल्यांत द्यायचा नाही, पण सुटलेल्यांना परत आत टाकायची गरज नाही. मग बोट कोणाकडे दाखवायचं?

दुसरा एक जण, २००३ चा जन्म, म्हणाला, 'काका, म्हणजे ते सीएसटीचं ना?' त्याला कसाब माहीत, तुकाराम ओंबळे माहीत. आपण रोज ज्या डब्यात चौथ्या सीटसाठी भांडतो, तिथं काय झालं ते माहीत नाही.

तुमच्या ग्रुपमध्ये काही करतात का? काय लिहिता?

विरार_फास्ट:
काका, आमच्याकडे काहीच नाही. एखादा व्हॉट्सअ‍ॅपवर मेणबत्ती टाकतो, खाली दहा जण हात जोडतात, आणि अकराव्याचा मेसेज असतो 'आज १० मिनिटं लेट'.

त्या पोराला दोष देऊ नका. २६/११ तीन दिवस टीव्हीवर चाललं. चेहरा दिसला, बंदूक दिसली, ताजचा धूर दिसला. ओंबळेंचा पुतळा गिरगाव चौपाटीजवळ आहे, हार घालायला जागा आहे. ११ जुलैचं सगळं ६:२४ ते ६:३५ मध्ये आटोपलं. मेले कोण? पासधारक. कचेरी सुटली, गाडी पकडली, गेले. त्यांचा पुतळा कोण उभारतो? १३ जुलै २०११ ला झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस आणि दादरला स्फोट झाले, तेही आज किती जणांना आठवतात ते विचारून बघा.

माहीमची_ताई:
पुतळा नाही, पण माहीम स्टेशनात स्मृतिफलक आहे हो. दर वर्षी घरचे लोक येतात, फुलं ठेवतात. पुढारीही येतात, कॅमेरे असेपर्यंत थांबतात. तुमच्या ग्रुपमधले दोघं-चौघं उतरले तर बरं वाटेल, कारण येणारे नातेवाईक आता म्हातारे झालेत.

आणि बॅनरवर रुळांशेजारच्या वस्तीतल्या माणसांनाही जागा द्या. अ‍ॅम्ब्युलन्स यायच्या आधी ते घरातल्या चादरी घेऊन धावले, त्यांची झोळी करून लोकांना उचललं. त्यातल्या कित्येकांनी फर्स्टक्लासचा डबा आतून पहिल्यांदा पाहिला तो त्या दिवशी.

जोगेश्वरी_पूर्व:
निकालावरून सगळे इथे वकील झालेत. माझा भाऊ जोगेश्वरीच्या स्फोटात होता. एका कानानं ऐकू येत नाही, पावसाळ्यात मांडी ठणकते. निकालाच्या दिवशी बातम्या लागल्या होत्या, तो मला म्हणाला, 'मग आम्ही काय वाऱ्यानं उडालो?' फाशीची ओळ लिहिणाऱ्या पोराला माझा पाठिंबा आहे.

तिसरी_घंटा:
दादा, तुमच्या भावाचा प्रश्न रास्तच आहे. पण तो तपास करणाऱ्यांना विचारायचा. सरकारी पक्षाला आरोप सिद्ध करता आले नाहीत, असं उच्च न्यायालयानं म्हटलं. ती माणसं १९ वर्षं आत होती, त्यातला एक तर निकालाआधीच कोविडनं गेला. 'दोषी' लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तेच बारा जण येणार. १८९ माणसं गेली आणि कोणी मारली हे वीस वर्षांनी न्यायालयात ठरलेलं नाही, हे जसंच्या तसं लिहायची हिंमत असेल तर लिहा.

ठाण्याहून_लंडन:
इथे ७ जुलै २००५ ला भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये स्फोट झाले, ५२ माणसं गेली. हाइड पार्कमध्ये त्यांचे ५२ पोलादी खांब आहेत, माणसाहून उंच, चार ठिकाणांचे चार घोळके करून उभे केलेले. खांबावर जागा, तारीख, वेळ. नावं बाजूच्या फलकावर. हल्लेखोरांबद्दल खांबांवर अवाक्षर नाही. मी गेलो तेव्हा पोरं त्यांत लपाछपी खेळत होती आणि कोणी हटकत नव्हतं. मला तरी ते आवडलं.

तुम्हीही स्टेशनं लिहा. आपल्याकडच्या माणसाला स्टेशनांची नावं पुरतात.

भाईंदर_डाउन:
लंडनकर, तुमचं घेतलं. गाडीच्या क्रमानं लिहितोय: माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. वर तारीख आणि ६:२४ ते ६:३५, खाली १८९. त्याखाली ताईंच्या चादरीवाल्यांसाठी एक ओळ. फाशीची ओळ काढली. लिहिणारा पोरगा फुगलाय, दोन दिवस दुसऱ्या डब्यातून येतोय. जोगेश्वरीवाले दादा, तुमच्या भावाचा प्रश्न मात्र डब्यात सगळ्यांना वाचून दाखवला. त्यावर कोणी वाद घातला नाही.

आता नवी कटकट. यंदा ११ तारीख शनिवारी आलीय, निम्म्या ग्रुपला सुट्टी. काही म्हणाले शुक्रवारीच उरकू. मी नाही म्हटलं, तेव्हा मंगळवार होता म्हणून आपण मंगळवार धरत नाही, तारीखच धरतो. सुट्टीवाल्यांनी संध्याकाळी चर्चगेटला यायचं आणि नेहमीच्या गाडीनं परतायचं, असं ठरलंय. ताई, चौघं जण माहीमला उतरतील, त्यासाठी नेहमीची फास्ट सोडून स्लो धरू. इथलं कोणी येणार असेल तर दादरला चढा, शनिवारी जागा मिळते.