एमडीसीके पेशींत फॉर्समन ग्लायकोलिपिड दिसत नाही, चूक कुठे?

प्रश्न: एमडीसीके-२ पेशी (कुत्र्याच्या मूत्रपिंडातून आलेल्या अस्तर-पेशींचा एक प्रकार) प्लास्टिक डिशमध्ये दोन दिवस वाढवून लिपिड काढले. स्फिंगोमायलिन (पेशीपटलातलं एक लिपिड) भरपूर, फॉर्समन ग्लायकोलिपिड (शर्करा जोडलेलं लिपिड) जवळजवळ नाहीच. पेशी तर एकमेकींना चिकटलेल्या दिसतात.

प्रतिसाद १: चिकटल्या म्हणजे विभेदित झाल्या, म्हणजे पक्व अस्तर-पेशी बनल्या, असं नाही. पूर्ण थर जमल्यावरही स्फिंगोमायलिनकडून ग्लायकोस्फिंगोलिपिडकडे (फॉर्समन ज्यात मोडतो त्या गटाकडे) वळायला काही दिवस जातात. त्याच काळात या लिपिडांच्या कार्बन शृंखला लांब, अधिक संपृक्त आणि हायड्रॉक्सिलयुक्त होतात. ०.४ मायक्रॉन छिद्रांच्या फिल्टरवर दाट पेरा, खालून-वरून माध्यम द्या, चार-पाच दिवस थांबा. थर घट्ट जमला का हे बघायला त्याचा विद्युत रोध मोजताना रिकाम्या फिल्टरचा आकडा वजा करून क्षेत्रफळाने गुणायला विसरू नका. एमडीसीके-२ चा रोध मुळातच कमी असतो, एमडीसीके-१ या दुसऱ्या प्रकाराशी तुलना करून घाबरू नये.

प्रतिसाद २: निष्कर्षणही तपासा. फॉर्समनच्या डोक्यावर पाच शर्करा आहेत, त्यामुळे तो बराच ध्रुवीय. क्लोरोफॉर्म-मिथेनॉल १०:१ ने एकदाच काढलं तर तो जलीय भागातच राहतो. त्याच जलीय भागातून पुन्हा २:१ ने काढा. बहुतेकदा गोची इथेच असते.

प्रतिसाद ३: लिपिडमुळे विभेदन होतं की उलट, हे बघायचं असेल तर फ्युमोनिसिन बी१ या बुरशीच्या विषाने सेरामाइड सिंथेज (ही लिपिडं बनवण्यातलं एक विकर) रोखा. मात्र त्या विकराचा कच्चा माल, स्फिंगॅनिन, साचून त्याचा स्वतंत्र विषारी परिणाम होतो, म्हणून पेशी जिवंत आहेत ना हे सोबत मोजाच. सायक्लोडेक्स्ट्रिनने (कोलेस्टेरॉल ओढून घेणारा कडीसारखा शर्करा-रेणू) पेशीपटलातलं कोलेस्टेरॉल काढत असाल तर कोलेस्टेरॉल भरलेल्या सायक्लोडेक्स्ट्रिनचं नियंत्रण ठेवा. नाहीतर परिणाम नेमका कशाचा, सांगता येणार नाही.