डॅशपॉटचं डॅम्पिंग: सूत्राने ७३, चाचणीतून २२९. चूक कुठे आहे?

रिग_चाळीस विचारतात:

उभा, एकाच दिशेने हलणारा स्प्रिंग-मास-डॅशपॉट रिग आहे (डॅशपॉट म्हणजे तेलातला पिस्टन, जो हालचाल शमवतो; किती शमवतो ते डॅम्पिंग). हलणारं वजन प्लेट, पिस्टन आणि रॉड धरून ४० किलो. चार स्प्रिंगांचा मिळून स्टिफनेस ३६,००० न्यूटन प्रति मीटर (वजनं ठेवून तपासलाय, १० किलोला २.७ मिमी बसतो). डॅशपॉटच्या पिस्टनचा व्यास ५० मिमी, लांबी ४० मिमी, सिलिंडरचा आतला व्यास ५५ मिमी, म्हणजे एका बाजूचा क्लिअरन्स २.५ मिमी. तेल आयएसओ व्हीजी १०० (तेलाच्या व्हिस्कॉसिटीचा, म्हणजे घट्टपणाचा दर्जा). रॉडला वर रबरी सील आहे. खोलीचं तापमान २७ अंश.

नॅचरल फ्रिक्वेन्सी √(३६००० ÷ ४०) = ३० रेडियन प्रति सेकंद, म्हणजे ४.७७ हर्ट्झ. क्रिटिकल डॅम्पिंग (एवढं असलं की हेलकावे होतच नाहीत) २ × √(३६००० × ४०) = २४०० न्यूटन-सेकंद प्रति मीटर.

डॅशपॉटसाठी हे सूत्र वापरलं: व्हिस्कॉसिटी × [३ × पाय × व्यासाचा घन × लांबी ÷ (४ × क्लिअरन्सचा घन)] × (१ + २ × क्लिअरन्स ÷ व्यास). व्हिस्कॉसिटी ०.०८८ पास्कल-सेकंद धरली. उत्तर ७३.

प्लेट १० मिमी खाली दाबून सोडली. एकाच बाजूची शिखरं मिमीमध्ये: १०.०, ६.२, ३.७, २.०, ०.९. चार आवर्तनांचा सरासरी लॉगॅरिदमिक डिक्रिमेंट (लागोपाठच्या शिखरांच्या गुणोत्तराचा नॅचरल लॉग) ०.६०२, त्यावरून डॅम्पिंग रेशो (क्रिटिकलच्या किती पट) ०.०९५ आणि डॅम्पिंग २२९. तिप्पट फरक! शिवाय पहिल्या दोन शिखरांवरून १८२ येतं आणि शेवटच्या दोनांवरून ३०३. यातलं खरं कुठलं?

तेलवाले लिहितात:

आधी ७३ चं बघू, कारण ती चूक सोपी आहे. व्हीजी १०० मधला १०० हा आकडा ४० अंश सेल्सिअसचा आणि सेंटिस्टोक्समधला, म्हणजे कायनेमॅटिक (घनतेने भागलेली व्हिस्कॉसिटी). तुम्ही त्याला घनतेने गुणलंत ते बरोबर केलंत (बरेच जण तेच विसरतात), पण तापमान ४० चंच ठेवलंत. साध्या मिनरल ऑइलची, ज्याचा व्हिस्कॉसिटी इंडेक्स (तापमानाने व्हिस्कॉसिटी किती बदलते याचा आकडा) ९५ च्या आसपास असतो, २७ अंशाला व्हिस्कॉसिटी साधारण २१० सेंटिस्टोक्स भरते. घनता ८८५ धरली तर ०.१८६ पास्कल-सेकंद. तुमच्या सूत्रातला भूमितीचा भाग ८२९ येतो. ८२९ × ०.१८६ = १५४.

हेच तेल थंडीतल्या सकाळी २० अंशाला ३४० सेंटिस्टोक्सच्या घरात जातं आणि एप्रिलच्या दुपारी ३५ अंशाला १३० वर उतरतं. म्हणून थर्मामीटर तेलातच बुडवा, भिंतीवरचा आकडा घेऊ नका.

सूत्र लॅमिनार (संथ, खळबळ नसलेल्या) प्रवाहासाठी आहे, तेही तपासलं. सर्वाधिक वेग ०.०१ × ३० = ०.३ मीटर प्रति सेकंद, फटीतून तेल साधारण १.५ मीटर प्रति सेकंदाने जाणार. रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह संथ की खळबळीचा ते सांगणारा आकडा) ३६ च्या आसपास. तिकडून काळजी नाही.

शून्यरेषा लिहितात:

२२९, १८२ आणि ३०३ यांतलं एकही खरं नाही. निव्वळ व्हिस्कस (तेलाचं, वेगाच्या प्रमाणातलं) डॅम्पिंग असेल तर लागोपाठच्या शिखरांचं गुणोत्तर कायम राहतं. तुमचे डिक्रिमेंट ०.४८, ०.५२, ०.६२, ०.८० असे चढत गेलेत. अ‍ॅम्प्लिट्यूड घटताना डॅम्पिंग वाढल्यासारखं दिसलं की पहिला संशय कोरड्या घर्षणावर घ्यायचा. इथे तर रबरी सील समोरच दिसतंय.

दोन्ही एकत्र असताना सरासरी काढून उपयोग नाही. आडव्या अक्षावर एक शिखर, उभ्यावर त्याच्या पुढचं शिखर, असे बिंदू मांडा: (१०.०, ६.२), (६.२, ३.७), (३.७, २.०), (२.०, ०.९). त्यांतून सरळ रेषा जाते. तिचा चढ ०.६६४, आणि उभा अक्ष ती उणे ०.४३६ मिमीवर छेदते. चढ सांगतो व्हिस्कस भाग, छेद सांगतो घर्षण.

चढाचा नॅचरल लॉग घ्या (दहाच्या पायाचा घेतलात तर २.३ पट चुकाल): डिक्रिमेंट ०.४०९. त्याला √(४ × पायचा वर्ग + डिक्रिमेंटचा वर्ग) ने भागलं की रेशो ०.०६५, आणि डॅम्पिंग ०.०६५ × २४०० = १५६.

घर्षणासाठी चढाचं वर्गमूळ ०.८१५. छेद भागिले (१ + ०.८१५) चा वर्ग, म्हणजे ०.४३६ ÷ ३.२९ = ०.१३२ मिमी. गुणिले स्टिफनेस: ४.८ न्यूटन. अर्धा किलोसुद्धा नाही, पण एवढ्याने तुमचा सगळा हिशेब वाकवला.

पडताळा सोपा आहे. घर्षणाचं समतुल्य व्हिस्कस डॅम्पिंग = ४ × घर्षण ÷ (पाय × कोनीय वेग × अ‍ॅम्प्लिट्यूड). पहिल्या आवर्तनात अ‍ॅम्प्लिट्यूड सरासरी ८ मिमी धरा, २५ येतं. १५६ + २५ = १८१. शेवटच्यात १.४ मिमी धरा, १४५ येतं. बेरीज ३०१. तुमचे १८२ आणि ३०३ इथून आलेत.

मात्र एक सापळा आहे. शून्यरेषा (प्लेट स्थिर असतानाची जागा, जिथून शिखरं मोजता) १.३ मिमीने चुकीची मांडली असेल तरी अगदी असाच आलेख निघतो, घर्षण शून्य असलं तरी. तेव्हा खालच्या बाजूच्या दऱ्याही मोजा. शिवाय तेल काढून, सील तसंच ठेवून पुन्हा सोडा. नुसतं घर्षण असेल तर शिखरं दर आवर्तनाला सारख्याच अंतराने उतरतील, ४ × ४.८ ÷ ३६०००, म्हणजे ०.५३ मिमीने.

रिग_चाळीस:

दऱ्या: ७.९, ४.८, २.८, १.४. तेल काढल्यावरची शिखरं: १०.०, ९.४, ८.९, ८.३, ७.८. रिपोर्टमध्ये मग १५६ एवढंच लिहू का?

शून्यरेषा:

दऱ्या शिखरांच्या बरोबर मधे बसतात (१०.० नंतर ७.९, मग ६.२), म्हणजे शून्यरेषा ठीक आहे. कोरड्या चाचणीत उतार सरासरी ०.५५, घर्षण ४.९५ न्यूटन. जुळलं. रिपोर्टमध्ये दोन आकडे द्या, व्हिस्कस १५६ आणि घर्षण सुमारे ५ न्यूटन, सोबत तेलाचं तापमान. एकच आकडा द्यायचा असेल तर तो कोणत्या अ‍ॅम्प्लिट्यूडला, हे लिहावंच लागेल. आणि हाफ-पॉवर पद्धतीने (रेझोनन्सच्या शिखराच्या रुंदीवरून डॅम्पिंग काढायला) बँडविड्थ मोजायला गेलात तर तिथेही हे घर्षण मिसळणार.

तेलवाले:

१५४ आणि १५६ इतकं जवळ आलं त्यात थोडा नशिबाचा भाग आहे, हुरळून जाऊ नका. क्लिअरन्सचा घन आहे. २.५ च्या जागी २.६ मिमी निघाला तर डॅम्पिंग ११ टक्क्यांच्या आसपास घटतं, त्यामुळे पिस्टन आणि बोअर दोन्ही मायक्रोमीटरने मोजा. पिस्टन मध्यावर नसेल तर आणखी गोंधळ: तो एका भिंतीला पूर्ण टेकला तर त्याच दाबाला फटीतून जवळजवळ अडीचपट तेल जातं, म्हणजे डॅम्पिंग चाळीस टक्क्यांवर.

सील काढून टाकता आलं तर उत्तम. डॅशपॉट उभा आहे, वरून उघडा राहिला तरी चालतो. रॉड झाकणातल्या मोकळ्या भोकातून जाऊ द्या. तेलाची पातळी पिस्टन सगळ्यात वर असतानाही त्याच्यावर निदान २० मिमी ठेवा, नाहीतर फेस होतो. तेल भरल्यावर पिस्टन हाताने सावकाश दहा-पंधरा वेळा वरखाली करा, बुडबुडे थांबले की मगच रीडिंग घ्या. अडकलेली हवा दाबली जाते, त्यामुळे डॅम्पिंग खऱ्यापेक्षा कमी दिसतं.