थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतलं कॉलेज वर्कशॉप: शुक्रवारची वेळ

विद्या (युवा समिती):
नमस्कार. कॉलेज प्रवेशाचं वर्कशॉप ठरलं. थँक्सगिव्हिंगनंतरचा (नोव्हेंबरअखेरचा) शुक्रवार, १२:३० ते ३:३०, नेहमीचा हॉल. पहिला तास फॅफ्सा (कॉलेजच्या आर्थिक मदतीचा सरकारी फॉर्म), मग कॉलेज अर्जाचा निबंध. मुलांनी लॅपटॉप आणि चार्जर आणावेत. येणार असाल तर नावं आजच कळवा, खुर्च्या सांगायच्या आहेत.

नसरीन:
विद्याताई, ही वेळ नेमकी जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारच्या सामूहिक नमाजची आहे. नोव्हेंबरात घड्याळं तासभर मागे गेली की बहुतेक मशिदींत खुत्बा (नमाजआधीचं प्रवचन) साडेबारा ते सव्वाच्या दरम्यान सुरू होतो. पार्किंगमधून बाहेर पडून हॉलवर पोचेपर्यंत दोन वाजतात. म्हणजे आपली मुलं फॅफ्सालाच मुकणार. ३ ते ६ करता येईल का? असर (दुपारनंतरची नमाज) वाटेतच होईल. न्यू जर्सीत त्या दिवसांत सूर्य साडेचारला मावळतो, त्यामुळे मगरिबला (सूर्यास्तानंतरच्या नमाजला) दहा मिनिटं आणि एक रिकामी खोली लागेल, बस.

अभय:
हॉल ३:४५ ला भजनी मंडळाला दिलेला आहे, तो बदलणार नाही. आणि ज्यांना धर्मामुळे व्याजाचं कर्ज घ्यायचंच नाही त्यांना फॅफ्साची गरज काय? त्यांनी निबंधाला यावं.

सलीम:
अभयदादा, या समजुतीपायी घरं मोठ्या रकमेला मुकतात, म्हणून सविस्तर लिहितो.

फॅफ्सा हा कर्जाचा अर्ज नाही. केंद्र सरकारची पेल ग्रँट, न्यू जर्सी राज्याची टॅग ग्रँट, वर्क-स्टडी (शिकताना मिळणारं अर्धवेळ काम) आणि बहुतेक कॉलेजांची स्वतःची मदत याच फॉर्मवरून ठरते. पेल आणि टॅग परत करायच्या नसतात. नंतर कॉलेजचं ऑफर लेटर येतं, त्यात ग्रँट आणि कर्ज वेगळ्या ओळींत असतं. ग्रँट स्वीकारायची आणि कर्ज नाकारायचं, एवढंच. प्रॉमिसरी नोटवर (कर्जफेडीच्या वचनपत्रावर) सही केल्याशिवाय कर्ज मिळतच नाही. चुकून घेतलं गेलंच, तर रक्कम मिळाल्यापासून १२० दिवसांत परत केली की त्यावर व्याज आणि फी लागत नाही.

"सब्सिडाइज्ड म्हणजे बिनव्याजी" हेही खरं नाही. शिकत असताना व्याज सरकार भरतं, पुढे ते विद्यार्थ्यावर येतं. अनसब्सिडाइज्डचं तर पहिल्या दिवसापासून चढतं. घ्यायचं की नाही हे ज्याचं त्याचं घर आपल्या इमामांना विचारून ठरवेल. तो विषय वर्कशॉपात नको, पण नाकारायचं बटण कुठे असतं हे पडद्यावर दाखवायलाच हवं.

मेधा (शिक्षण समिती):
कार्यक्रमाचा मजकूर शिक्षण समिती ठरवते, हे आधीच ठरलेलं आहे. विद्या, पुढच्या वेळी तारीख लावण्याआधी आम्हाला विचारा.

खाजगीत दोघांनी नाताळच्या सुट्टीत घ्या असं सुचवलं. ते जमणार नाही. बऱ्याच कॉलेजांची मुदत १ जानेवारीच्या आसपास असते आणि त्या आठवड्यात शाळा बंद. ट्रान्स्क्रिप्ट किंवा शिफारसपत्र अडलं तर काऊन्सेलर सापडत नाही. यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) अर्ज करणाऱ्यांची मुदत तर नोव्हेंबरअखेरीच्या आसपासच असते.

नसरीन:
मेधाताई, मजकुरात नावांचा मुद्दा घ्याच. एकाच मुलाचं नाव शाळेत "मोहम्मद", पासपोर्टवर "मोहम्मद" पुढे वडिलांचं नाव, सोशल सिक्युरिटी कार्डावर "मोहद" असं असतं. फॅफ्साचं खातं कार्डावरच्या नावाशी जुळलं नाही तर पडताळणी अडते. एसएटी (प्रवेश परीक्षा) आणि कॉमन ॲपवरही (अनेक कॉलेजांचा एकत्र अर्ज) तेच स्पेलिंग ठेवावं. ज्यांच्या मधल्या नावात वडिलांचं नाव आहे त्या आपल्या सगळ्याच मुलांना हे लागू पडतं.

अभय:
हो, हे कुलकर्णी-जोशींनाही लागू. माझा वरचा मुद्दा मागे घेतो. पण हॉल ३:४५ लाच रिकामा करावा लागेल.

सलीम:
मग क्रम उलटा करा. आधी निबंध, २:१५ पासून फॅफ्सा. जुम्म्याहून येणाऱ्यांचा निबंध बुडेल, तो ६५० शब्दांचा मसुदा आम्ही घरी तपासून देऊ. खाती मात्र आठवडाभर आधी उघडायला सांगा. नाव जुळलं नाही तर पडताळणी अडते, त्याच दिवशी उघडलं तर सगळे पडद्याकडे बघत बसतील. विद्यार्थी आणि पालक यांचं खातं वेगळं, ईमेलही वेगळा. आईवडील टॅक्स एकत्र भरत असतील तर एका पालकाचं खातं पुरतं, वेगवेगळा भरत असतील तर दोघांची लागतात. टॅक्सची माहिती घ्यायला प्रत्येकाने संमती द्यायची. ती राहिली तर मुलाला केंद्र सरकारची मदत मिळत नाही.

विद्या:
ठीक. १२:३० निबंध, २:१५ फॅफ्सा, ३:३० ला आवरायचं. मागची लहान खोली नमाजसाठी रिकामी ठेवते, चपला बाहेर काढायला मॅट टाकते. नळ तिथून दुसऱ्या दाराशी आहे. खातं उघडण्याची सूचना सोमवारी मेधाताईंच्या नावाने जाईल. सलीमभाई, पडद्यावरचा भाग तुम्ही घ्याल ना?

सलीम:
घेतो. नावनोंदणीत "दोनला येणार" असा वेगळा रकाना ठेवा, म्हणजे त्यांच्यासाठी पुढच्या रांगेत जागा राखता येईल.