आवडीनुसार हॉस्टेलचा मजला: आपल्याकडे हवा की नको?

मुलुंडची आत्या
भाचा यंदा अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात चाललाय. राहण्याचा फॉर्म भरताना आम्ही दोघंही चाट पडलो. साधं हॉस्टेल हवं की एखाद्या आवडीचं? रिस्ली ही १९१३ सालची इमारत, नाटक-चित्रकलावाल्यांची, आत चक्क थिएटर. 'जस्ट अबाउट म्युझिक' नावाचं एक, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं. पोरगा तबला वाजवतो, त्यामुळे डोळे चमकले.
मी मुंबई विद्यापीठात, कलिन्याला शिकले तेव्हा यादी लागली की जी खोली मिळेल ती घ्यायची. आपल्या विद्यापीठाच्या हॉस्टेलमध्ये एक मजला नाटकवाल्यांचा, एक भाषावाल्यांचा असं केलं तर? मला तरी हवंसं वाटतं. मतं सांगा.

कसाऱ्याची पहिली लोकल
आधी खाट द्या, मग थीम. रोज जाऊन-येऊन पाच तास गाडीत काढणाऱ्या पोराला विचारा कुठला मजला हवा. जिथे पंखा चालतो तो, म्हणेल.

रात्रपाळी
विरोध. आपल्याकडे 'आवड' विचारायला सुरुवात झाली की ती आडनावापाशी जाऊन थांबते. पवईच्या आयआयटीत २०२३ मध्ये मेसमधली सहा टेबलं फक्त शाकाहारींसाठी ठेवली आणि निषेध म्हणून तिथे मांसाहार करणाऱ्या विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड ठोठावला. तेव्हाही हेच म्हणत होते, ज्याची त्याची आवड. टेबलांवर हे, तर मजल्यावर काय होईल?

मुलुंडची आत्या
अहो, ते ताटाचं भांडण. मी तबल्याबद्दल बोलतेय.

डिलाईल रोड
आत्या, ही कल्पना अमेरिकेतून आणायची गरजच नाही. माझे आजोबा गिरणीत होते. लालबाग-परळकडे गावाची खोली असायची: एका गावचे वीसेक गडी, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपायचे, जेवण खानावळीत, गणपतीत भजन, शिमग्याला सगळे गावी. नवा पोरगा ट्रंक घेऊन उतरला की त्याची पथारी ठरलेली. शहरात कोणी हरवत नसे, हे खरंच. पण त्याच खोलीत गावची वाडीही यायची. कुणाच्या लोट्यातून कोण पाणी पितो, हे मुंबईत येऊनही सुटलं नाही. आजोबा हे सांगायचे ते हसत, आणि मला ते हसणं अजून कळलेलं नाही.

पंचगंगा
'एकसारख्यांना एकत्र ठेवणं वाईटच' असा सूर लागतोय म्हणून लिहिते. शाहू महाराजांनी कोल्हापुरात आधी सगळ्या जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं होतं. ते चाललं नाही. मग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, पुढे एकेका समाजाची निराळी वसतिगृहं, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. एरवी जे पोर शहरात टिकलंच नसतं ते त्यामुळे टिकलं. कॉर्नेलमध्येच 'उजामा' आहे, १९७२ पासूनचं, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संस्कृतीभोवती उभं केलेलं. गोऱ्यांच्या गर्दीत एकटं पडलेल्याला पाठीशी कोणीतरी लागतं. त्याला फुटीरपणा म्हणणं बहुसंख्याकांना सोपं जातं.

रात्रपाळी
पंचगंगाताई, मग कोल्हापूरचंच पुढचं सांगतो. भाऊराव पाटील तिथल्या जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. मिस क्लार्कच्या उद्घाटनाला गेले, परतल्यावर आंघोळ करायला तयार झाले नाहीत आणि बोर्डिंगमधून बाहेर पडावं लागलं. त्याच माणसाने १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका छताखाली आणली. तुमचा मुद्दा मान्य, गरज होती. पण गरज आणि हौस यांत फरक करा. आत्यांचा नाटकवाला मजला हौसेचा आहे.

पंचगंगा
हौसेचाच. तिथे मीही तुमच्याच बाजूला असेन कदाचित. बघते.

सदाशिव, खोली १३
तबल्यावरून आठवलं. माझा रूममेट तबल्याचा, मी संख्याशास्त्राचा. पठ्ठ्या पहाटे पाचला तिरकिट सुरू करायचा. मजल्याने तक्रार केली, अधीक्षकांनी डग्गा जप्त केला. मग तो उशीवर बोटं आपटायचा. खरं सांगतो, उशीचा आवाज जास्त त्रास द्यायचा, कारण आपण तो ऐकायचा प्रयत्न करतो. त्याला संगीतवाला मजला मिळाला असता तर दोघंही सुखी झालो असतो. पण तीन वर्षांत मला तीनताल आणि झपताल ओळखता यायला लागले, ते त्याच्या उशीमुळे. तरीही माझं मत असं की रियाजाला खोली द्या, मजला कशाला? तळमजल्यावर एक दार बंद होणारी खोली, रात्री दहापर्यंत उघडी. नाटकवाल्यांनाही तीच. झोपायला मात्र जिथे नंबर लागेल तिथे.

पालघरची मास्तरीण
खोली १३ला अनुमोदन. आणि एक कोणी बोललं नाही ते. मजला ठरवायचा म्हणजे मुलाखत येणार, 'तुझी आवड काय' विचारणार. ज्याने आठवीपासून क्लास लावले तो फाडफाड बोलेल. माझ्या शाळेतल्या मुलीने पेटी कधी जवळून पाहिलेली नाही. तिने फॉर्मवर काय लिहायचं? तिची आवड अजून लागायची आहे, आणि ती लागली तर शेजारच्या खोलीमुळेच लागेल.

मुलुंडची आत्या
मास्तरीणबाई, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मजल्याचा हट्ट सोडते, खोलीचा धरते. विद्यापीठाला अर्ज करायचा झाला तर मसुदा कोण करेल?
फॉर्म काल भरला. पोराने म्युझिकवालं पहिलं टाकलं, साधं दुसरं. खोली १३चा किस्सा वाचून दाखवला तर म्हणाला, उशी नेऊ का मग?

सदाशिव, खोली १३
मसुदा मी करतो. त्याला म्हणावं, तबला-डग्गा विमानात हातात घे, खालच्या सामानात टाकू नकोस. आमच्या रूममेटच्या तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, कोकण रेल्वेतसुद्धा फाटली होती.