माओ : सत्तर टक्के बरोबर, तीस टक्के चूक. हा हिशेब मांडला कोणी?

काटेकोर (धागाकर्ता)

माओ त्से तुंगचा विषय निघाला की कोणीतरी हमखास 'सत्तर टक्के बरोबर, तीस टक्के चूक' हे वाक्य टाकतो आणि सगळे माना डोलावतात. माझा आक्षेप आकड्यांना नाही, वही कोणी लिहिली याला आहे. दुकानाचा ताळेबंद भागीदारांनीच तपासला तर तो नफ्यातच निघणार.

१९८१ साली चिनी कम्युनिस्ट पक्षाने ठराव केला : माओचं योगदान मुख्य, चुका दुय्यम. तो घडवून आणला माओनंतर पक्षाची सूत्रं हाती घेतलेल्या डेंग शियाओपिंगने. सांस्कृतिक क्रांतीत (१९६६-७६, माओने पक्षातल्याच विरोधकांवर तरुणांना सोडलं ती) डेंगची सगळी पदं गेली होती, आणि रेड गार्डांच्या, म्हणजे माओभक्त विद्यार्थ्यांच्या, छळात थोरला मुलगा इमारतीवरून पडून कमरेखाली कायमचा लुळा झाला होता. तरी १९८० मध्ये एका इटालियन पत्रकार बाईंना त्याने ठणकावून सांगितलं की बीजिंगच्या तिआनानमेन दरवाजावरची माओची तसबीर हलणार नाही. माओवरचं प्रेम उतू चाललं होतं म्हणून नव्हे. रशियात स्टालिनला झोडपलं तरी लेनिन उरत होता. चीनमध्ये लेनिनही माओ आणि स्टालिनही माओच. तसबीर उतरवली तर पक्षाने राज्य कशाच्या जोरावर करायचं? बरं, हे ७०-३० मुळात माओनेच १९५६ मध्ये स्टालिनसाठी वापरलेलं.

पक्षात उलटा हिशेबही झाला होता. जानेवारी १९६२ मध्ये सात हजार कार्यकर्त्यांसमोर राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओचीने हूनानच्या शेतकऱ्यांचं म्हणणं सांगितलं : १९५९-६१ च्या महादुष्काळात तीन वाटे निसर्गाचे, सात माणसांचे. हाच लिऊ १९६९ मध्ये कायफेंगला नजरकैदेत मेला. दहनाच्या कागदावर नाव खोटं, आणि व्यवसाय काय, तर बेकार!

पूर्वेचा_वारा

धागा वाचून वाटावं की १९४९ पूर्वी चीनमध्ये दुधाच्या नद्या वाहत होत्या. सरंजामी सेनापतींच्या टोळ्या, अफू, जपानी आक्रमण, आणि १९४२-४३ चा हेनानचा दुष्काळ, ज्यात लाखोंनी माणसं मेली. तेव्हा सत्तेवर माओ नव्हता हो. त्याने देश एक केला. १९५० च्या विवाह कायद्याने बाईला घटस्फोटाचा हक्क दिला, बालविवाह आणि रखेली ठेवणं बंद केलं. सरासरी आयुर्मान चाळिशीच्या आतून १९७६ पर्यंत ६५ च्या आसपास गेलं. आपण तेव्हा त्याच्या बरेच मागे होतो. अमर्त्य सेन काही माओवादी नव्हेत, पण त्यांनीच दाखवून दिलंय की भारतात नेहमीच्याच जास्त मृत्युदरामुळे दर आठेक वर्षांत जितके जादा लोक मरत, तितके चीनच्या त्या महादुष्काळातही मेले नाहीत. आपल्याकडचे मेले ते गुपचूप मेले, एवढाच फरक.

काटेकोर

सेन अर्धेच वाचले जातात, ही जुनी खोड. उरलेलं अर्धं असं : निवडणुका आणि मोकळी वर्तमानपत्रं असली की सरकारला दुष्काळ लपवता येत नाही. ७२ चा दुष्काळ आठवा. खडी फोडायची कामं, सुकडी, मिलो, मोर्चे, विधानसभेत आरडाओरडा. हाल कुत्रं खाईना असे झाले, पण भूकबळींचा खच पडला नाही. आता हेनानमधला शिनयांग घ्या, १९५९-६०. सरकारी कोठारांत धान्य होतं. लोक पळून जाऊ नयेत म्हणून रस्ते अडवले आणि मदत मागणारी पत्रं टपाल कचेरीतच दाबली. १९५९ मध्ये देशाने सुमारे ४० लाख टन धान्य निर्यात केलं. एकूण मृत्यूंचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. सगळ्यात कमी अंदाज धरला तरी तो कुठल्या 'योगदाना'तून वजा करायचा?

खलबत्ता

पेशाने डॉक्टर, म्हणून तेवढ्यापुरतं. १९६५ मध्ये माओने आरोग्य मंत्रालयाला झापलं की तुम्ही फक्त शहरी साहेबांचे डॉक्टर आहात. त्यातून पुढे 'अनवाणी डॉक्टर' उभे राहिले : थोडंसं प्रशिक्षण घेतलेली गावचीच पोरं-पोरी, लस टोचणार, बाळंतपण करणार, बाकी वेळ शेतात. आपल्या आशाताईंना पाहिलं की मला तेच आठवतात. मलेरियावरचं आर्टेमिसिनिनही १९६७ मध्ये सुरू झालेल्या लष्करी गुप्त प्रकल्पातून आलं. तू योयो यांना त्याबद्दल २०१५ चं नोबेल मिळालं. पण त्याच वर्षांत देशभरचे प्राध्यापक, संशोधक डुकरं राखायला खेड्यांत धाडलेले. त्यांच्यातले किती शोध वाया गेले, हे कोणत्या रकान्यात धरायचं?

(अवांतर : सोलापूरचे डॉ. कोटणीस १९४२ मध्ये तिकडे वारले तेव्हा 'सैन्याने मदतीचा हात गमावला, राष्ट्राने मित्र गमावला' असं माओने लिहिलं होतं. आपल्याकडच्या बऱ्याच जणांचा माओ तिथेच थांबतो.)

उंटावरचा_शहाणा

एकट्या माओच्या डोक्यावर खापर फोडणं सगळ्यांच्याच सोयीचं आहे. १९५७ ची 'उजव्यांविरुद्ध' मोहीम (म्हणजे पक्षावर टीका करणाऱ्यांविरुद्ध) प्रत्यक्ष राबवली ती डेंगने, त्यात साडेपाच लाख लोकांवर शिक्का बसला. १९५८ मध्ये माओची 'महाझेप' मोहीम (उत्पादन झपाट्याने वाढवायची) सुरू असताना पक्षाच्या पीपल्स डेली या वर्तमानपत्राने फोटो छापला होता : भात इतकं दाट की त्यावर मुलं उभी आहेत! अनेक शेतांतली रोपं उपटून एका वाफ्यात खोचली की असले फोटो निघतात. मग त्या खोट्या उताऱ्यावर सरकारी वसुली. हे आकडे फुगवणारे प्रांतोप्रांतीचे सचिव होते, आणि माओला ते गोड लागत होते. धान्य खातात म्हणून 'चार उपद्रवी जिवां'च्या यादीत घालून चिमण्या मारल्या, पुढच्या वर्षी किडीने पिकं खाल्ली, मग १९६० मध्ये यादीतून चिमणी काढून ढेकूण घातला. तोवर वेळ गेलेली.

काटेकोर

@उंटावरचा, 'त्याला खोटे आकडे मिळाले' हा बचाव जुलै १९५९ पर्यंतच चालतो. लुशानच्या पक्षबैठकीत संरक्षणमंत्री पेंग देहुआईने खासगी पत्र लिहून परिस्थिती कळवली. माओने ते छापून सगळ्यांना वाटलं, पेंगला पक्षविरोधी ठरवून घरी बसवलं आणि महाझेप मोहीम पुन्हा तापवली. सगळ्यात जास्त माणसं त्यानंतर मेली. १९६० चा सरकारी मृत्युदरच हजारी २५ आहे, १९५७ च्या दुपटीहून जास्त. याला मी चूक म्हणत नाही.

पूर्वेचा_वारा

लुशान काढलंतच तर पूर्ण काढा. पेंगच्या बाजूने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उभे राहिले, त्यांचीही पदं गेली. डेंग पाय मोडला म्हणून आलाच नव्हता. आणि पेंगवर तुटून पडणाऱ्यांत तुमचा तो लिऊ शाओचीही होता, ज्याला तुम्ही धाग्याच्या सुरुवातीलाच हुतात्मा करून ठेवलंय. तीन-सात वाटे सांगणाऱ्या १९६२ च्या त्याच बैठकीत त्याने हेही बजावलं होतं की इतरांचं बघू, पण पेंगचं पुनर्वसन होणार नाही.