भाड्याची ई-पुस्तके की ग्रंथालयाच्या मालकीचा संग्रह?

धागाकर्ता : ग्रंथस्नेही, मुलुंड

आमच्या उपनगरातील सार्वजनिक ग्रंथालयाच्या येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे कार्यकारिणीने एक ठराव ठेवला आहे. पुस्तकखरेदीसाठी राखून ठेवलेल्या रकमेपैकी निम्मी रक्कम एका खासगी ई-पुस्तक सेवेच्या वार्षिक वर्गणीकडे वळवावी आणि सभासदांना ती पुस्तके मोबाइलवर वाचण्याची सोय करून द्यावी, असा त्याचा आशय आहे. माझा या ठरावाला विरोध आहे आणि तो तंत्रज्ञानाला नसून भाडेकरारी पद्धतीला आहे.

दाखल नोंदवहीत ज्या पुस्तकाला क्रमांक मिळतो, ते ग्रंथालयाचे होते. ते किती सभासदांना द्यायचे, किती वर्षे ठेवायचे, बाद केव्हा करायचे, हे ग्रंथालय ठरवते. ई-पुस्तकाच्या बाबतीत आपण पुस्तक घेत नाही, ठरावीक मुदतीचा वाचन-परवाना घेतो. एखाद्या वर्षी शासकीय अनुदानाचा हप्ता लांबला आणि वर्गणी भरता आली नाही, तर आतापर्यंत भरलेल्या पैशांच्या बदल्यात आपल्या कपाटात एकही पुस्तक उरणार नाही.

अमेरिकेतील इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने मालकीच्या छापील प्रतीचे स्कॅन करून, जितक्या प्रती हाती तितक्याच डिजिटल प्रती एका वेळी वाचायला देण्याची पद्धत अवलंबली होती. चार मोठ्या प्रकाशकांनी २०२० मध्ये दावा दाखल केला, २०२३ मध्ये निकाल संस्थेच्या विरोधात गेला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. तो निकाल आपल्याला बंधनकारक नाही, परंतु डिजिटल व्यवहारात ग्रंथालयाचे हात किती बांधले जाऊ शकतात हे त्यातून स्पष्ट दिसते.

म्हणून डिजिटलसाठीचा पैसा आपल्याच जुन्या संग्रहावर खर्च व्हावा, असे माझे मत आहे. १८०४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने आपली दुर्मीळ पुस्तके आणि जुनी वृत्तपत्रे ‘ग्रंथ संजीवनी’ या प्रकल्पातून आंतरजालावर आणली आहेत. आपल्याकडेही ठिसूळ पानांची, पुनर्मुद्रण न झालेली मराठी पुस्तके आहेत. मुंबईच्या दमट हवेत कसर आणि वाळवी त्यांना फार काळ ठेवणार नाहीत.

प्रतिसाद : बदलापूरवासी

धागाकर्त्यांचा मुद्दा समजला, तरी मी ठरावाच्या बाजूने आहे.

आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि आम्ही बदलापूरला आलो. सभासदत्व मात्र जिव्हाळ्यापोटी चालू ठेवले आहे. कार्यालय सुटून लोकलने परतताना मुलुंडला उतरावे, तर देवघेव विभाग बंद झालेला असतो, आणि रविवारी एका पुस्तकासाठी इतका प्रवास घरच्यांना सांगण्यासारखा नसतो. माझ्यासारखे कितीतरी मुंबईकर आता कर्जत, विरार, पनवेलच्या दिशेला पांगले आहेत. पुस्तक ग्रंथालयाच्या मालकीचे आहे या समाधानाचा त्या वाचकाला काय उपयोग, जर ते त्याच्या हाती येतच नसेल? ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि वाचकाचा वेळ वाचावा, ही दोन सूत्रे आहेत. मालकीचे सूत्र त्यांत नाही.

शिवाय आपण दिलेले अमेरिकेतील उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. नवी पुस्तके स्कॅन करून देता येत नसतील, तर परवाना घेण्यावाचून दुसरा मार्ग कोणता?

प्रतिसाद : तालिकाकार

मी अनेक वर्षे ग्रंथालयात काम केले आहे. दोन्ही बाजूंनी एक पायरी गाळली आहे, ती तालिकेची, म्हणजे संग्रहातील पुस्तकांच्या यादीची.

बऱ्याच ग्रंथालयांची संगणकीय यादी युनिकोड ही सर्व संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरपद्धती रुळण्यापूर्वीच्या काळातील फॉन्टमध्ये टंकलिखित झालेली आहे. पडद्यावर मराठी दिसत असे, पण आत साठवलेली अक्षरे रोमन असत. संगणक बदलला, तो फॉन्ट नव्या यंत्रावर नसला, की शीर्षकाच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग उमटते. वाचक लेखकाचे नाव टाकतो, पुस्तक समोरच्या कपाटात असते आणि संगणक ‘उपलब्ध नाही’ असे सांगतो. काही फॉन्टसाठी परिवर्तक मिळतात, परंतु जोडाक्षरे आणि रफार यांत इतक्या चुका राहतात की शेवटी पुस्तक हातात घेऊन शीर्षकपृष्ठावरूनच नोंद तपासावी लागते.

तालिका आणि देवघेव सांभाळणारी कोहा ही मुक्त संगणकप्रणाली आहे, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय प्रणालीही आहे, त्यामुळे सॉफ्टवेअरचा खर्च फारसा नाही. खर्च आहे तो नोंदी करणाऱ्या माणसांचा, आणि तुटपुंज्या वेतनावर काम करणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांकडून तो फुकट करवून घेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याजवळ काय आहे हेच जिथे वाचकाला कळत नाही, तिथे स्कॅनिंग आणि वर्गणी हे दोन्ही विषय नंतरचे आहेत.

प्रतिसाद : श्रवणवाचक

मी दृष्टिहीन आहे आणि स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, साहाय्याने वाचते. इथे ‘वाचक’ हा शब्द वारंवार आला, त्यात आमचा विचार झालेला दिसला नाही.

छापील पुस्तक मला कोणाकडून तरी वाचून घ्यावे लागते. ई-पुस्तक खऱ्या अक्षरमजकुराचे असेल तरच ते मला स्वतंत्रपणे वाचता येते. धागाकर्ते ज्या स्कॅनिंगचा आग्रह धरत आहेत, त्यातून बहुधा पानांची छायाचित्रेच मिळतील आणि छायाचित्रापुढे स्क्रीन रीडर गप्प राहतो. जुन्या खिळ्यांच्या छपाईत संगणक ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत गल्लत करतो, त्यामुळे मुद्रितशोधनाची तरतूद नसलेले स्कॅनिंग मला तरी अपुरे वाटते.

कार्यकारिणीलाही माझा प्रश्न आहे. वर्गणीचे ॲप मराठी मजकूर स्क्रीन रीडरला वाचू देते का, हे करारापूर्वी कोणी तपासले आहे का? दृष्टिहीनांना पुस्तकांच्या सुलभ प्रती मिळाव्यात यासाठीच्या माराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने २०१४ मध्ये सर्वांआधी मान्यता दिली, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यानेही अपंग वाचकांसाठी सुलभ प्रती तयार करण्याची मुभा दिली आहे. सभेतील एखाद्या दृष्टिहीन सभासदाच्या फोनवर ते ॲप चालवून दाखवावे आणि मगच मतदान घ्यावे.

प्रतिसाद : ग्रंथस्नेही (धागाकर्ता)

श्रवणवाचक यांची मागणी मी लेखी उपसूचना म्हणून देणार आहे, आणि मुद्रितशोधनाचा खर्च स्कॅनिंगच्या अंदाजपत्रकात धरण्याचा आग्रहही धरणार आहे. तालिकेचे काम आधी व्हावे, हेही मला मान्य आहे.

बदलापूरवासी यांच्याशी मतभेद मात्र कायम आहे. त्यांची अडचण खरी आहे, पण तिच्यावर उपाय म्हणून देवघेव विभाग रात्री उशिरापर्यंत उघडा ठेवता येईल, कुरिअरने पुस्तके पाठवता येतील. ग्रंथालयाजवळ छापील प्रत असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे, आणि लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे उलटली की ती पुस्तके सर्वांना खुली करता येतात. हा संग्रह बदलापूरच्या घरीही पोहोचेल आणि वर्गणी थकली तरी राहील. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला तेव्हा तिची ऑनलाइन तालिका काही महिने बंद पडली होती. एवढ्या संस्थेची ही गत, तर सर्वस्वी दुसऱ्याच्या सर्व्हरवर विसंबणाऱ्या छोट्या ग्रंथालयाचे काय होईल?

प्रतिसाद : बदलापूरवासी

त्या हल्ल्यात संस्थेची स्वतःची यंत्रणा कोलमडली होती, भाड्याने घेतलेली सेवा नव्हे. स्वतःचा डिजिटल संग्रह उभारला की त्याच्या सुरक्षिततेचा भारही आपल्यावरच येतो, आणि तो पेलणारा माणूस आपल्या ग्रंथालयात नाही.

शिवाय ६० वर्षांची अट पाळून जे खुले होईल, ते आमच्या आजोबांच्या पिढीचे साहित्य असेल. त्याचे जतन व्हावे, याबद्दल दुमत नाही. परंतु यंदा प्रसिद्ध झालेली कादंबरी माझ्या मुलीला वाचायची असेल, तर तिला ती साठ वर्षांनी देऊन चालणार नाही. निम्म्याऐवजी एक चतुर्थांश रक्कम वर्गणीकडे वळवावी आणि तीही एका वर्षापुरती, अशी माझी उपसूचना आहे. आपल्या उपसूचनेसोबत तीही मताला टाकावी.